नववीतल्या मुलाला मे महिन्यात हिमालयातल्या ट्रेकला एकट्याला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीची परीक्षा देऊन मोकळा होईल, वर्गातले चौघं नाशिकमधल्या एका ग्रुपबरोबर हिमाचलमधल्या सारपास ट्रेकला चाललेत, त्यालाही जायचंय. तर पाठवू का, ग्रुप कुठला चांगला आणि खर्च किती धरावा.

पाठवा. दहावीचा सुट्टीतला क्लास बुडेल म्हणून अडवत असाल तर अजिबात अडवू नका, क्लासचे ते पंधरा दिवस जूनमध्ये भरून निघतात. खर्च दर वर्षी बदलतो, तो ग्रुपलाच विचारा. ग्रुप कुठला, याचं उत्तर मी नाव घेऊन देणार नाही. तो ओळखायचा कसा हे मात्र सांगतो, आणि त्यासाठी मला २०१४ चा मे महिना सांगावा लागेल.

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तेव्हा सुट्टी टाकून एका ग्रुपबरोबर लीडर म्हणून जायचो. पगार नाही, प्रवास आणि जेवण ग्रुपचं. त्या वर्षी आमच्याकडे आठवी ते दहावीतली बावीस मुलं होती, आणि आम्ही चार लीडर. ग्रुप ज्यांनी उभा केला त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही. माणूस कष्टाळू. रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी इथे मुलांना फुकट घेऊन जायचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. भांडण एकाच गोष्टीवरून आहे.

सारपासची वाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कसोल साधारण ५२०० फुटांवर. तिथून ग्रहण गाव ७७०० फूट, मग पदरी ९३००, मिन थाच ११ हजारांच्या थोडं वर, नगारू साडेबारा हजार. (थाच म्हणजे तिकडच्या मेंढपाळांचं गवताळ कुरण.) नगारूहून पहाटे अंधारात निघायचं, बर्फ मऊ पडायच्या आत १३ हजार ८०० फुटांवरचा पास, म्हणजे खिंड, गाठायचा आणि पलीकडे बिस्करीला, म्हणजे पुन्हा ११ हजारांवर उतरायचं. ती पूर्ण दिवसाची चाल आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं, जवळपास तिथेच कसोलचा बेस कॅम्प सुरू होतो. आपली नाशिकची मुलं तर दोन हजार फुटांवर वाढलेली.

आमच्यात एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा, शांत, सॅक भरण्यात सगळ्यांत नीटनेटका. सरावाला पांडवलेणीच्या पायऱ्या तो रोज करायचा, कळसूबाईला बारीहून सगळ्यांच्या पुढे वर पोचला होता. मिन थाचला तो जेवला नाही. भूक नाही म्हणाला. राजमा-चावल आवडत नसेल असं मला वाटलं. ही माझी पहिली चूक. दहा हजार फुटांच्या वर चालून आलेलं पोरगं रात्री जेवत नसेल तर आवडीनिवडीचा विचार नंतर करायचा, आधी डोकं दुखतंय का विचारायचं.

नगारूला संध्याकाळी त्याला दोनदा उलटी झाली. विचारलं तेव्हा डोकं 'थोडंसं' दुखतंय म्हणाला. सरांनी गोळी दिली, तासाभरात बरं वाटतंय म्हणाला, झोपला. नगारूला वारा इतका असतो की तंबूत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मला काही झोप लागली नाही.

दोनला सगळ्यांना उठवलं. मी त्याला बाहेर काढलं आणि टॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत चालायला सांगितलं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत. तिसऱ्या पावलाला तोल गेला. पुन्हा करायला लावलं, पुन्हा गेला. विरळ हवेने होणाऱ्या उंचीवरच्या आजारात डोकेदुखी आणि उलटी इथपर्यंत एक वेळ थांबून बघता येतं, त्याच उंचीवर. तोल जायला लागला म्हणजे मेंदूला सूज येतेय असंच धरायचं आणि त्याच मिनिटाला खाली न्यायचं. सकाळची वाट बघायची नाही.

सर म्हणाले, त्याला मध्ये घेऊन पास पार करू, पलीकडे सगळा उतारच आहे, एकदा बिस्करीला पोचला की आपोआप बरा होईल. हे ऐकायला पटतं. चार लीडरांतल्या दोघांना पटलंही. पण हिशेब करून बघा. बिस्करी आणि मिन थाच जवळजवळ एकाच उंचीवर. मिन थाचला जायला फक्त उतार, दोन-तीन तासांचा. बिस्करीला जायला आधी तेराशे फूट चढ, मग बर्फावरचे कित्येक तास, आणि मध्येच तो कोसळला तर उचलून न्यायचं कुठे? लक्षणं दिसत असताना आणखी वर चढायचं नाही, हा नियम आम्हीच कसोलला मुलांना शिकवला होता, फळ्यावर लिहून.

मी म्हटलं, मी त्याला घेऊन उतरतो. सर म्हणाले, एकवीस मुलांना बर्फावर तीन लीडर पुरणार नाहीत. मी तरी निघालो. ग्रहण गावचा एक पोर्टर बरोबर आला. गोठलेल्या उतारावर तो पुढे राहून कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत होता, मधे मुलगा, मागे त्याच्या कमरेचा दोर धरून मी. वर बघितलं की बाकीच्यांच्या टॉर्चची रांग पासकडे चाललेली दिसायची. मुलगा सारखा मागे वळून तिकडे बघत होता. त्याला मला दोनदा ओरडावं लागलं की पायाकडे बघ.

मिन थाचला उजाडलं. त्याची रेषेवरची चाल पुन्हा घेतली, अजून डुगडुगत होता, म्हणून तिथे टेकलो नाही. पदरीला पोचलो तेव्हा तो आपणहून म्हणाला, "दादा, खायला काय आहे?" त्याच्या आईने दिलेला चिवड्याचा डबा सॅकच्या तळाशी होता, उघडलेलाच नव्हता. तो अर्धा डबा त्याने एका बैठकीत संपवला. पोर्टरलाही दिला. मग मला म्हणाला, डोकं मिन थाचपासून दुखत होतं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाला, "सांगितलं असतं तर खाली पाठवलं असतं ना. मग प्रमाणपत्र मिळत नाही."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतोय. तुम्हालाही त्याचसाठी सांगतोय.

कसोलहून त्याच्या घरी फोन लावला. वडिलांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पास नाही झाला?" त्यांना मी दोष देत नाही. काय झालं ते त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि पैसे कष्टाचे होते. नाशिकला आल्यावर जूनमध्ये ग्रुपने हॉल घेऊन कार्यक्रम केला. वडील तिसऱ्या रांगेत कॅमेरा घेऊन बसले होते. एकवीस नावं पुकारली. बाविसावं नाही. मुलगा प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होता. मी नंतर सरांना गाठलं. ते म्हणाले, नियम आहे, पास पूर्ण केला तरच प्रमाणपत्र. त्याला दिलं तर बाकीच्यांच्या कागदाला काय किंमत राहील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आणखी एक पोर डोकेदुखी लपवेल आणि त्या वेळी तंबूबाहेर कुणी त्याला रेषेवर चालवणार नाही. आमचा आवाज चढला. त्यानंतर मी त्या ग्रुपबरोबर गेलो नाही.

तर आता तुमचा प्रश्न. ज्या ग्रुपबरोबर पाठवणार आहात त्यांना फोन करून एवढंच विचारा: एखादं मूल मध्येच परत फिरलं तर त्याच्याबरोबर खाली कोण येतं, आणि त्याला प्रमाणपत्र देता का? पहिल्या प्रश्नावर 'आमच्याकडे असं कधी होत नाही' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. ज्यांनी शेकडो मुलं दहा हजार फुटांच्या वर नेलीत त्यांच्याकडे हे झालेलं असतंच. चांगला ग्रुप तुम्हाला लगेच सांगेल की अमुक लीडर राखीव ठेवलेला असतो, तो पास करत नाही, त्याचं कामच परत फिरणाऱ्यांना उतरवणं आहे. राखीव माणूस ठेवायचा म्हणजे शुल्क वाढतं. द्या ते. स्वस्तातला ट्रेक लीडर कमी करूनच स्वस्त झालेला असतो. दुसऱ्या प्रश्नावर जे अडखळतील त्यांच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही.

मुलालाही घरी बसवून सांगा, आणि बाबांनीच सांगा: पास झाला नाही तरी मला चालेल, लपवलंस तर चालणार नाही. निघायच्या आदल्या रात्री नाशिकरोड स्टेशनवर सगळ्यांसमोर नको. आठवडाभर आधी, जेवताना. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पासवरचे फोटो टाका' असा धोशा लावू नका. तो दबाव लीडरवर येतो आणि लीडरवरून मुलांवर. ग्रहणच्या वर फोनची आशा धरायची नाही, चार-पाच दिवस गप्प बसायची तयारी पालकांनी करायची.

सामानाचं सगळे सांगतात, मी दोनच सांगतो. बूट मार्चमध्ये घ्या आणि ते घालून त्याला किमान चार वेळा अंजनेरी करू द्या. एप्रिलअखेर घेतलेल्या नव्या बुटांनी पदरीपर्यंत टाचा सोलून निघतात. आणि सॅक त्याची त्यालाच उचलू द्या. पंचेचाळीस किलोच्या मुलाला सात किलोपर्यंत ठीक. पैसे देऊन सॅक खेचरावर टाकायची सोय असते, ती आजारी मुलासाठी ठेवा, धडधाकट पोराला लावू नका. स्वतःचं ओझं स्वतः वाहून आलेला मुलगा घरी आल्यावर स्वतःचं ताट उचलतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

सरावासाठी कळसूबाई जरूर करा, पण तिने गुडघे तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. त्यासाठी उंचीवर रात्री काढण्याला पर्याय नाही. दहा हजार फुटांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची सोळाशे फुटांपेक्षा जास्त वाढू नये असं धरतात. ग्रुपच्या पत्रकात मुक्कामांची उंची दिलेली असते, कागद-पेन घेऊन वजाबाकी करून बघा. आमच्या त्या मुलाची चाल सगळ्यांत चांगली होती, हेही लक्षात ठेवा. हा आजार फिट मुलांना सोडत नाही, उलट ती जोरात चढतात.

हिमालय झेपणार नसेल म्हणून मेमध्ये इथेच कुठेतरी पाठवावं असं कुणी सुचवेल. मला ते पटत नाही. मेच्या दुपारी हरिहर किल्ल्याच्या कातळपायऱ्या तव्यासारख्या तापतात आणि बऱ्याच किल्ल्यांवरची टाकी तेव्हा कोरडी असतात किंवा पाणी पिण्याजोगं नसतं. उन्हातल्या दोन दिवसांपेक्षा लीडर असलेला हिमालय मला जास्त सुरक्षित वाटतो. इथलंच करायचं तर डिसेंबर-जानेवारीत साल्हेर करा.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही. मुलाला दमा, फिट्स किंवा हृदयाचं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स, म्हणजे उंचीवरच्या आजारासाठीची गोळी, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय देऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर ती त्यांना आवर्जून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, आकडा बरा दाखवतो आणि पोराचा तोल जात असतो. मुली असतील तर बरोबर बाई लीडर आहे का हे विचाराच. महाराष्ट्रातल्या ग्रुपने राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलीय का तेही विचारा. नोंदणी आहे म्हणजे लीडर चांगला असं नव्हे, पण नसेल तर का नाही ते कळलं पाहिजे. आणि मी रात्री गोठलेल्या बर्फावरून उतरलो ते तो पोर्टर होता म्हणून. त्याच्याशिवाय आम्ही तिघांऐवजी दोघं असतो आणि बहुधा दोघंही घसरलो असतो.

सर, तुमच्यापर्यंत हे कुणी पोचवलंच तर. त्या पहाटे बर्फावर एकवीस मुलांमागे तुमच्याकडे एक लीडर कमी होता आणि तो मी होतो. हॉलबाहेर तुम्ही त्यावरून बोललात, त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या बाविसाव्या कागदाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.