पहिला रेग्युलेटर निवडताना आधी झोपेतला खर्च पाहा

बॅटरीवर चालणाऱ्या तुमच्या ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) सर्किटचा आराखडा पाहिला. ईएसपी३२ गाढ झोपेत, म्हणजे बहुतेक भाग बंद असताना, सुमारे १० मायक्रोअँपियर घेतो, हे तुम्ही अचूक नोंदवले आहे. मात्र त्याच्या शेजारचा एएमएस१११७ हा रेग्युलेटर (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून ३.३ व्होल्टवर स्थिर ठेवणारी चिप) काहीही काम नसताना स्वतःच सुमारे ५ मिलिअँपियर खातो, म्हणजे २५०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी केवळ त्याच्यापायी तीन आठवड्यांत रिकामी होते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच आहे. (मीही ती केली आणि कित्येक दिवस प्रोग्राममध्ये दोष शोधत बसलो.) म्हणून डेटाशीट (चिपचे तांत्रिक माहितीपत्रक) उघडताच प्रथम क्विसंट करंटची, म्हणजे चिप काम नसताना स्वतः घेत असलेल्या प्रवाहाची, ओळ शोधा.

त्यानंतर ड्रॉपआउट, म्हणजे येणारा व्होल्टेज बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजपेक्षा किमान किती जास्त हवा ते, पाहा, कारण लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टवरून उतरत ३.७ पर्यंत आला, की एक व्होल्टहून अधिक ड्रॉपआउट असलेला रेग्युलेटर ३.३ व्होल्ट टिकवूच शकत नाही.

एमसीपी१७०० हा रेग्युलेटर स्वतःसाठी अवघे १.६ मायक्रोअँपियर घेतो, हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका: त्याची मर्यादा २५० मिलिअँपियर आहे आणि वायफाय सुरू होताना क्षणभर त्याहून बराच अधिक प्रवाह लागू शकतो, त्यामुळे बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो. तुमच्यासाठी ६०० मिलिअँपियरचा एपी२११२ बरा. त्याचे ५५ मायक्रोअँपियर सहज परवडतात. डेटाशीटमध्ये सांगितलेले कपॅसिटर मात्र पिनांच्या अगदी जवळ बसवा.

बक कन्व्हर्टरचा (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचा) विचार सध्या बाजूला ठेवा. आधी हे सर्किट ब्रेडबोर्डवर जोडून झोपेतला एकूण प्रवाह मल्टिमीटरने मोजा आणि तो आकडा कळवा.