पन्हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कैरीच्या पन्ह्याइतके समाधान देणारे दुसरे पेय मला तरी माहीत नाही. म्हणून आपण सुरुवात त्यानेच करावी. कैरी घट्ट, हिरवी आणि आंबट घ्यावी. ती सालीसकट कुकरमध्ये वाफवावी, पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच साल व कोय काढून गर गाळणीतून घासून घ्यावा, कारण राहिलेले धागे पिताना घशाला लागतात. नवशिक्यांची चूक बहुधा गुळाच्या प्रमाणात होते: एक वाटी गराला आधी दीड वाटी चिरलेला गूळ घालावा, चाखावे आणि आंबटपणा पाहूनच दोन वाट्यांपर्यंत जावे. मीठ व वेलचीपूड हवीच. केशर नसले तरी चालते. गर आंबट असल्यामुळे तो ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. पिताना बर्फाऐवजी माठाचे पाणी मिसळावे, आणि त्या माठात वाळ्याची जुडी असेल तर पन्ह्याला जो सुगंध येतो तो कोणत्याही इसेन्सने येत नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या पेल्यात मीठ किंचित जास्त घालावे, कारण घामावाटे पाण्याबरोबर मीठही गेलेले असते.