वाचकांचे प्रश्न : क्रंपमधला जोर येतो कुठून?

प्रश्न : व्हिडिओ बघून क्रंप हा रस्त्यावरचा जोरकस नाच शिकतोय. चेस्ट पॉपचा सराव केला की रात्री कंबर भरून येते आणि स्टॉम्पनंतर, म्हणजे पाय जमिनीवर आपटल्यावर, गुडघे दुखतात. वय 19. चुकतंय कुठे? (लालबाग)

उत्तर : आधी कंबरेचं. चेस्ट पॉपमध्ये बरगड्यांचा पिंजरा झटक्यात पुढे-वर जातो आणि लगेच सुटतो. नवशिके छाती काढायला जातात आणि खरं तर कंबर वाकवतात. समोरच्या आरशात दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेव, गुडघे सैल सोड. एक तळहात बेंबीवर, दुसरा छातीच्या मधल्या हाडावर. आता पॉप मार. वरचा हात उडाला पाहिजे, खालचा जागेवर राहिला पाहिजे. खालचाही पुढे आला, तर कंबर राबतेय. मग पोट हलकंसं आत धर, पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे खेच आणि पुन्हा मार. प्रत्येक पॉपला तोंडाने श्वास झटक्यात सोडायचा. श्वास कोंडून मारलास तर खांदे कानांपर्यंत चढतात, मान आखडते आणि अर्ध्या मिनिटात दम लागतो.

मेट्रोनोम अ‍ॅप मिनिटाला 70 ठोक्यांवर लाव. 8 मात्रांचे 4 फेरे, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. चारही फेऱ्यांत खालचा हात स्थिर राहिला, तरच 5 ठोके वाढव.

आता गुडघे. स्टॉम्पसाठी मांडी खुब्यातून उचलायची. खाली येताना सबंध तळवा एकदम टेकला पाहिजे, गुडघा वाकलेला आणि पायाच्या बोटांच्या दिशेने हवा. टाच आधी टेकली आणि गुडघा ताठ राहिला, तर सगळा धक्का नडगीतून गुडघ्यात आणि तिथून कंबरेत चढतो. आवाजाच्या मागे लागू नकोस. पाय टेकल्यावर अंग किती घट्ट थांबतं, त्यावरून बघणाऱ्याला वजन जाणवतं. पाय टेकूनही वरचं अंग डुगडुगत राहिलं, तर कितीही आपट, स्टॉम्प पोकळच दिसतो.

हे दोन्ही वेगवेगळं जमल्यावर जोड : 1 ला उजवा स्टॉम्प, पुढच्या अर्ध्या मात्रेवर चेस्ट पॉप, 2 ला डाव्या हाताचा जॅब, म्हणजे हात झटक्यात पुढे फेकणं. मग बाजू बदल. जॅब ज्या रेषेत गेला त्याच रेषेत परत यायला हवा, आणि शेवटी कोपर किंचित वाकलेलं हवं. पूर्ण ताणून थांबवलंस तर आठवड्याभरात कोपर ठणकायला लागेल. आर्म स्विंगही पाठीतून काढ, नुसता मनगटातून नको. गुडघ्याला सूज असेल किंवा जिना उतरताना दुखत असेल, तर स्टॉम्प बंद ठेवून डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे, क्रंपच्या क्लासला जायचं म्हणते. त्यात चेहरे वेडेवाकडे करतात, भोवतालची मुलं ओरडतात, मारामारीच वाटते. पाठवावं का? (भांडुप)

उत्तर : पाठवा, ताई. हा नाच आला मुलांच्या वाढदिवसांतून. लॉस एंजेलिसमध्ये टॉमी द क्लाऊन 1992 पासून विदूषकाच्या वेशात वाढदिवसांना हिप-हॉप नाचायचा. त्यातून क्लाउनिंग ही शैली रुजली आणि 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टाइट आइज आणि बिग मिजो या नाचणाऱ्यांनी तिला अधिक आक्रमक करून क्रंप घडवला. तिथल्या वस्त्यांत गँगचा धोका रोजचा होता. आतला राग अंगातून बाहेर काढायची ही वाट त्या मुलांनी स्वतः शोधली. भोवतालची आरडाओरड नाचणाऱ्याला चढवण्यासाठी असते. भजनात पखवाज चढला की टाळकरी जसे रंगतात, तसंच ते.

क्लास मात्र स्वतः जाऊन बघा. स्टॉम्पच्या आधी किमान 10 ते 15 मिनिटं अंग गरम करून घेतात का? जमीन लाकडी आहे, व्हिनाइलची आहे, की नुसती लादी? शिक्षक मुलांना मान झटकायला लावतात का? तेराव्या वर्षी मानेचे झटके नकोतच, त्याने डोकेदुखी मागे लागते. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी बॅटल, म्हणजे समोरासमोर नाचाची चढाओढ, लावत असतील, तर दुसरा क्लास बघा.

प्रश्न : गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्टॉम्प मारला की खालचे काका वर येतात. सराव कुठे करू?

उत्तर : काकांचं बरोबर आहे, लाकडी तुळयांची जमीन असेल तर जास्तच. घरी चेस्ट पॉप, जॅब आणि आर्म स्विंग कर, आणि स्टॉम्प बिनआवाजाचा : 4 मात्रांत पाय वर, 4 मात्रांत खाली, तळवा टेकताना आवाज शून्य. यात मांडी भरून येते, पण पायावर ताबा याच्याइतका दुसऱ्या कशाने येत नाही. खरा स्टॉम्प सकाळी मैदानावर, घट्ट मातीत. चौपाटीची कोरडी वाळू टाळ. पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. पावसाळ्यात गच्चीवर जाऊ नकोस. चायना मोझॅकवर शेवाळ धरतं आणि एका पायावर असताना पाय सटकला तर आपण सरळ मनगटावर पडतो. घरात फोमची मॅट टाकलीस तर तिच्यावर वळू नकोस. बूट तिच्यात रुततो, अंग फिरतं, गुडघा तिथेच राहतो.

प्रश्न : पॉपिंग, लॉकिंग, ब्रेकिंग, क्रंप. सुरुवात कशाने करावी? (बोरिवली)

उत्तर : यातल्या कशानेच नको. आधी हिप-हॉपचा बाउन्स आणि रॉक. गुडघ्यातून तालावर खाली बसणं आणि छातीतून पुढे-मागे झुलणं, एवढंच महिनाभर. त्यानंतर रनिंग मॅन, बार्ट सिम्पसन यांसारख्या स्टेप. बाउन्स नसेल तर पुढची प्रत्येक शैली कवायत दिसते.

मग आवडीप्रमाणे. लॉकिंग, म्हणजे हालचाल मध्येच एकदम गोठवून थांबणं, 1970 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेलने आणलं. पॉपिंग त्याच दशकात फ्रेस्नोच्या बुगालू सॅमने घडवलं. पॉपिंगमध्ये स्नायू क्षणभर आवळून सोडतात आणि अंग जवळजवळ जागेवरच राहतं. क्रंपमध्ये तोच झटका श्वासाबरोबर सुटतो आणि अंगाला पुढे नेतो. छातीचा हिट आधी पॉपिंगमध्ये शिकलेल्यांचा क्रंप बरेचदा कोरडा दिसतो, त्यांनी श्वासावर जास्त मेहनत घ्यावी. ब्रेकिंगमध्ये जमिनीवर हातांच्या आधाराने नाचतात, त्याला मनगटं आणि खांदे आधी तयार लागतात, म्हणून ते घाईने नको. रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेची 2019 ची जागतिक अंतिम फेरी आपल्या वरळीच्या डोममध्ये झाली होती. तिचे व्हिडिओ बघताना उलट्या उड्यांपेक्षा टॉपरॉककडे, म्हणजे उभ्याने टाकलेल्या पावलांकडे, लक्ष द्या.

प्रश्न : बूट महागडेच लागतात का? (कुर्ला)

उत्तर : नाही. तळ सपाट, टाच घट्ट धरणारी आणि लेस पूर्ण बांधता येणारी हवी. धावण्याचे उंच, गुबगुबीत तळाचे बूट क्रंपला नकोत, स्टॉम्पला घोटा बाहेर कलतो. नाचाचे बूट रस्त्यावर घालू नका. तळाला धूळ बसली की लादीवर पकड जाते.