‘पंप इज गोइंग ऑफ’ म्हणजे पंप बंद पडलेला नाही

तुझा मेसेज मिळाला. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डात काम करतेस, ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा पास झालीस, आता इंग्लंडमधल्या इस्पितळाची ऑनलाइन मुलाखत आहे. आणि कुणीतरी पाचशे फ्रेजल व्हर्ब्सची, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखे छोटे शब्द जोडून होणाऱ्या प्रयोगांची पीडीएफ पाठवून ‘ही पाठ कर’ म्हणून सांगितलंय. ‘ताई, करू का पाठ?’ असं विचारलंस. नको करू. त्या यादीत ‘गेट’खाली एक ढीग, ‘टेक’खाली दुसरा ढीग असतो. वॉर्डात माणसं अशी क्रियापदवार बोलत नाहीत. यादीतला शब्द कानावर पडतो तेव्हा त्याचा अर्थ आठवेपर्यंत समोरचा पुढच्या बेडवर पोचलेला असतो.

आपली अडचण नेमकी कुठे आहे ते सांगते. डिचोली-साखळीकडच्या आपल्या पोरी चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीत, पुढे नर्सिंगची जाडजूड पुस्तकं. त्यामुळे ‘व्हॉमिट’, ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘रिकव्हर’ हे लॅटिनकडून आलेले वजनदार शब्द आपल्याला पक्के येतात. इंग्रज माणूस दुखत-खुपत असताना हे शब्द सहसा वापरत नाही. तो ‘थ्रो अप’, ‘पुट अप विथ’, ‘पुट ऑफ’, ‘गेट ओव्हर’ म्हणतो. सगळे पाचवीतले शब्द, सुटे सुटे तुला कधीचे माहीत आहेत, आणि एकत्र आले की अर्थच निराळा. म्हणून चांगलं इंग्रजी येणारी मुलगीही इथे इंग्लंडमध्ये सुरुवातीला गप्प होते. त्यात तिच्या हुशारीत काही कमी नसतं.

सकाळी पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात, त्या हँडओव्हरमधली वाक्यं कशी असतात बघ. रात्रपाळीची नर्स भराभर सांगते: ‘बेड फोर हॅज गॉन ऑफ हर फूड. शी वॉज अप अँड डाउन ऑल नाइट. हर कॅन्युला केम आउट, सो वी पुट अ न्यू वन इन. द डॉक्टर हॅज रिटन हर अप फॉर पॅरासिटामॉल. कॅन यू चेस अप हर ब्लड्स?’ म्हणजे चार नंबरच्या बाईंची अन्नावरची वासना गेलीय, रात्रभर उठबस चालू होती, कॅन्युला (शिरेतली नळी) निघाला म्हणून नवा घातला, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलंय आणि रक्ताचे रिपोर्ट आले नाहीत, त्यांचा पाठपुरावा कर. एवढ्यात एकही अवघड शब्द नाही.

आता यातलाच ‘गो ऑफ’ घे, कारण इथे चूक महागात पडते. ‘गॉन ऑफ हर फूड’ म्हणजे खाणं नकोसं झालंय. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणजे दूध नासलंय. ‘शी हॅज गॉन ऑफ ड्यूटी’ म्हणजे ड्यूटी संपवून गेली. आणि ‘हर पंप कीप्स गोइंग ऑफ’ म्हणजे तिच्या इन्फ्यूजन पंपाचा, म्हणजे शिरेत औषध सोडणाऱ्या यंत्राचा, अलार्म सारखा वाजतोय. ‘ऑफ’ ऐकलं की आपल्या डोक्यात बटण बंद होतं, इथे मात्र तो पंप ओरडत असतो. त्यात ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, तिथे बंद होणंच असतं. म्हणजे कोण काय करतंय त्यावर अर्थ ठरतो: घंटा, अलार्म, बॉम्ब ‘गो ऑफ’ झाले तर आवाज, दिवा किंवा हीटर ‘गो ऑफ’ झाला तर बंद. शंका आली तर तिथल्या तिथे विचार, ‘डू यू मीन इट्स अलार्मिंग?’ पेशंटच्या बाबतीत विचारून घेणाऱ्या नर्सला इथे मान आहे.

पेशंटचं बोलणं हा दुसरा भाग, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. बांबोळीला म्हातारी ‘घुंवळ येता’ म्हणते आणि तू केसपेपरवर ‘गिडीनेस’ लिहितेस. इथेही तेच करायचंय, फक्त दोन्ही बाजूंना इंग्रजी आहे. आजी सांगणार, ‘आय कान्ट कीप एनीथिंग डाउन’, पोटात काही ठरत नाही. तू लिहिणार, ‘व्हॉमिटिंग आफ्टर ऑल ओरल इनटेक’. आजोबा म्हणणार, ‘माय नी इज प्लेइंग अप अगेन’, गुडघ्यानं परत त्रास सुरू केलाय. तू कफाबद्दल विचारणार, ‘आर यू ब्रिंगिंग एनीथिंग अप?’ भूल उतरत असलेल्या पेशंटबद्दल ‘शी इज कमिंग राउंड’, सुन्नपणा कमी होतोय तर ‘इट्स वेअरिंग ऑफ’. ओईटीत तू हे केलेलंच आहेस. रायटिंगच्या पत्रात वजनदार शब्द शोभले, स्पीकिंगच्या पाच-पाच मिनिटांच्या दोन रोलप्लेंत साधे चालले. इथे तो फरक दिवसभर सांभाळायचा असतो. चार्टवर ‘थ्रोइंग अप’ लिहू नकोस आणि घाबरलेल्या आजींना ‘आर यू एक्स्पीरियन्सिंग एमेसिस’ विचारू नकोस.

आपल्याकडचे काही प्रयोग मात्र गोव्यातच ठेवून ये. ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हटलंस तर मुलाखत घेणाऱ्यांना तू त्या वर्षी बेशुद्ध पडलीस असं वाटेल. ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘आय क्वालिफाइड’ म्हण. पेशंट ‘एक्स्पायर’ झाला असंही इथे म्हणत नाहीत, नातेवाइकांशी ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’. ‘कोप अप विथ’ नाही, नुसतं ‘कोप विथ’. फॉर्म ‘फिल अप’ नाही, ‘फिल इन’. ‘फिल अप’ पेट्रोलची टाकी होते. ‘कुठे राहतेस’ या अर्थी ‘व्हेअर आर यू पुटिंग अप’ कुणी विचारत नाही.

व्याकरणाचं एकच बघून ठेव, बाकीचं कानानं येईल. ‘टेक ऑफ युअर वॉच’ आणि ‘टेक युअर वॉच ऑफ’ दोन्ही चालतं, पण घड्याळाऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘टेक इट ऑफ’. ‘टेक ऑफ इट’ कधीच नाही. उलट ‘लुक ॲट’ फुटत नाही, ‘लुक ॲट हिम’च. हे ओळखायला आघात ऐक. ‘टेक इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट हिम’मध्ये ‘लुक’वर. आणि बोलताना सगळं जोडून येतं, ‘टेकिटॉफ’, ‘पुटिटॉन’. कागदावर वाचून हे कळत नाही, म्हणूनही ती पीडीएफ नको.

मराठी येणाऱ्याला यातला एक भाग सोपा जावा. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘बोलला’ आणि ‘बोलून गेला’ यांतला फरक तुला कुणी शिकवला नाही. ‘टाक’ इथे फेकायला सांगत नाही, काम पुरं करायला सांगतो. इंग्रजीतला ‘अप’ बऱ्याचदा हेच करतो: ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘वी हॅव यूज्ड अप द ग्लव्ज’ म्हणजे ग्लव्ज संपले सगळे. नेहमी हा हिशेब जुळत नाही, पण कान तयार व्हायला मदत होते.

सराव असा कर. एक वही घे आणि शब्द न लिहिता अख्खं वाक्य लिही, कोण कुणाला म्हणालं तेही लिही. रोज थोडी पुरेत. बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर लोक फोन करून आपल्या तक्रारी सांगतात, ते ऐक. बातम्या वाचणाऱ्यांपेक्षा ही माणसं तुझ्या पेशंटसारखी बोलतात. पहिले महिने नुसतं समजलं तरी भरपूर, बोलण्यात ओढून-ताणून आणू नकोस. आणि इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहायचा विचार असेल तर ये जरूर, गोंयकार इतके आहेत की मासळीपासून चतुर्थीपर्यंत कशाची वाण पडत नाही. फक्त ड्यूटीनंतर सगळा वेळ कोकणी-मराठीतच गेला तर इंग्रजी वॉर्डाबाहेर येत नाही, म्हणून वॉर्डातल्या मुलींनी चहाला बोलावलं की टाळू नकोस.

मुलाखतीत बहुतेक ‘टॉक अस थ्रू’ असं विचारतील, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं सांग. ‘टॉक अस थ्रू हाउ यू वुड डील विथ अ पेशंट हू हॅज हॅड अ फॉल’ याची तयारी ठेव. ‘फर्स्ट आय वुड चेक…’ असं साधं सुरू कर, तिथे फ्रेजल व्हर्ब्स पेरायची गरज नाही. तारीख कळली की कळव. रविवारी मला सुट्टी असते. तुझे दुपारचे साडेचार म्हणजे सध्या इथले बारा, तेव्हा फोन लाव. मी पडलेली आजी होते, तू नर्स हो, तासभर इंग्रजीतच बोलू.