आहार प्रश्नोत्तरे : सिरॉसिसमध्ये डाळ-अंडी बंद करावीत का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ५८) सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) आहे. पोटात बेताचं पाणी आहे, दोन्ही पायांवर सूज आहे. गेल्या महिन्यात ते दोन दिवस असंबद्ध बोलत होते, आता शुद्धीत आहेत. प्रथिनांनी अमोनिया वाढतो असं नातेवाईक सांगतात, म्हणून पेज, उसाचा रस आणि उकडलेल्या भाज्याच देतो. वजन ६४ किलो भरतं, पण दंड आणि मांड्या पार सुकल्यात. — एक वाचक, लालबाग

उत्तर : डाळ, दही, अंडं आजपासून परत सुरू करा. प्रथिनं तोडण्याचा सल्ला जुना आहे आणि त्यानं नुकसानच होतं. अमोनिया म्हणजे प्रथिनं मोडताना तयार होणारं, मेंदूला बाधणारं द्रव्य. ते निकामी करण्याचं काम मुख्यतः यकृताचं. यकृत थकलं की त्यातला बराच भार स्नायू उचलतात. प्रथिनं बंद केली की शरीर हेच स्नायू मोडून खातं, आणि अमोनियाची दुसरी वाटही बंद होते. वडिलांचे सुकलेले दंड तेच सांगताहेत.

६४ किलोंत पाण्याचं वजनही आहे. पोटात मध्यम पाणी असेल तर १० टक्के आणि पायांवर सूज असेल तर आणखी ५ टक्के वजा करतात. म्हणजे हिशेब सुमारे ५४ किलोंवर करायचा. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरली तर रोज ६५ ते ८० ग्रॅम लागतात. किलोमागे ३० ते ३५ उष्मांकही पोटात जायला हवेत, नाहीतर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जळून जातात.

साधारण असं जमेल. सकाळी पेलाभर दूध (६ ग्रॅम). न्याहारीला ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही (१२). अकराला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, बिनमिठाचे फुटाणे (६). जेवणात दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दही, भाजी (१८). चारला एक उकडलेलं अंडं (६). रात्री दोन पोळ्या, भाजी, ५० ग्रॅम पनीर किंवा बांगड्याचा तेवढाच तुकडा (१७).

आणि झोपताना दूध-पोळी. ही चुकवू नका. यकृतात साखरेचा साठा उरत नाही, त्यामुळे रात्रीच्या दहा तासांच्या उपाशीपणात या रुग्णाची अवस्था निरोगी माणसानं दोन-तीन दिवस लंघन केल्यासारखी होते. दोन लहान पोळ्या पेलाभर दुधात कुस्करल्या की सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मुंबईत आठला जेवून सकाळी नुसता चहा घेऊन लोकल गाठायची सवय असते. या आजारात ती चालणार नाही. संकष्टी-एकादशीचे उपासही सोडावेत.

उसाच्या रसानं यकृत बरं होत नाही. नुसती साखर जाते. मधुमेह असेल तर उलट त्रास वाढतो.

भ्रम झाला त्यामागे बहुधा बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, झोपेची गोळी किंवा लघवीच्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार उतरणं असं काही असतं. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं पातळ औषध) दिलं असेल तर रोज दोन-तीनदा मऊसर शौचास होईल इतपत मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पुन्हा असंबद्ध बोलू लागले, पसरलेले हात फडफडले, ताप आला किंवा काळी शौचास झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गुंगीत असताना तोंडात काही भरवू नका, श्वासनलिकेत जाईल.

प्रश्न : सुकट, सोडे चालतील? मांसाहाराशिवाय ते जेवत नाहीत.

उत्तर : ताजी मासळी द्या, सुकी नको. पोटात पाणी असताना दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. खारवलेली सुकी मासळी, पापड, लोणचं यांतच ते संपून जातं. ‘कमी सोडियम’चं मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर ते रक्तात धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. चव कोकम, लिंबू, आलं-लसणानं आणा. तिसऱ्या आणि कालवं ही शिंपल्यांतली मासळी अर्धीकच्ची कधीच देऊ नका. त्यांतले काही जंतू सिरॉसिसच्या रुग्णाला जिवावर बेततात.