कापलेलं नाणं सापडलं? आधी समोरची कड बघ

मित्रा, तुझ्या नाण्यावरचे सिंहांचे चेहरे सपाट आहेत, ही टाकसाळीची चूक आहे का, असं तू विचारलंस. ते सपाट झालेत खिशात घासून. टाकसाळीची चूक नव्हे. ओरखडाही नंतरचाच: त्यात धातू बाजूला ढकललेला दिसतो, भिंग लावून बघ.

कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल, तर कापाच्या बरोबर समोरची कड तपास. ठसा उमटण्याआधीची कोरी चकतीच मुळात अपुरी असेल तर कड उचलताना (म्हणजे किनार दाबून उंच करताना) तिथे पुरेसा दाब बसत नाही, म्हणून ती बहुतेकदा पुसट असते. नंतर कानसीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत! (पहिल्याच वर्षी मी असं एक विकत घेतलं होतं.)

फिरलेला डाय (ठसा उमटवणारा साचा तिरका बसणं) ही चूक मात्र झिजेने होतच नाही. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात. पान उलटावं तसं नाणं उलट. मागचा आकडा स्पष्ट तिरका आला, तर ठेव जपून. वजन मूळ वजनाशी ताडून बघायला काटाही घे: जुनं जाड तांबे-निकेलचं 5 रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं.