कण असूनही 'किरण'?

फोंड्याच्या एका शिक्षिकेची विचारणा आहे. विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या 'कॉस्मिक रेज'साठी त्यांनी 'वैश्विक किरण' लिहिलं, तर नववीतली मुलगी म्हणाली, "बाई, हे तर बहुतेक प्रोटॉन. मग किरण कसे?"

पोरीनं बरोबर पकडलंय. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर चढला, तेव्हा वर प्रारण (रेडिएशन) वाढत गेलेलं दिसलं. 'रेज' हे नाव १९२५ च्या सुमारास मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञानं दिलं, कारण त्याच्या लेखी ते प्रकाशाच्याच जातीचे गॅमा किरण होते. पुढे ते विद्युतभारित कण ठरले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पण आपला 'किरण' त्या चुकीत सामील नाही. मूळ धातू 'कॄ', म्हणजे विखुरणे. विकिरण, प्रकीर्ण त्यातलेच. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'किरण'चा पहिला अर्थ चक्क अतिसूक्ष्म धूळ! आपल्याकडच्या जुन्या घरांत काचेच्या कौलातून दुपारी तिरीप उतरते आणि तिच्यात धूळ नाचते, ते आठवा. त्या उजेडाला आणि त्या धुळीला एकच शब्द.

आक्षेप घ्यायचाच तर वेगळा घ्या. किरण म्हटलं की सरळ रेघ डोळ्यांपुढे येते, आणि हे कण आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्रात वळत-भरकटत येतात. म्हणूनच उगम शोधणं कठीण. बरेचसे अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांच्या, अवशेषांतून येत असावेत, सर्वांत जोरकस आकाशगंगेबाहेरून. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटात नोंदलेल्या एकाच कणाची ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास होती: ताशी ९० किलोमीटरनं आलेला क्रिकेटचा चेंडू!

मला खुपतो तो 'वैश्विक'. 'वैश्विक बाजारपेठ' रोज वाचणाऱ्या मुलांना तो जागतिक वाटणार. सरळ 'विश्वकिरण' लिहा.

बाईंनी 'एअर शॉवर'ला मराठीत काय म्हणावं, हेही विचारलंय. एक कण हवेवर आदळतो, त्यातून लाखो-करोडो दुय्यम कण सुटतात आणि क्षणार्धात जमिनीवर पसरतात. आर्जेंटिनात ३,००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या मांडून ते टिपतात. आपल्याकडे उटीलाही हे कण टिपणारी वेधशाळा आहे. पुस्तकं 'वर्षाव' म्हणतात. मी 'सर' म्हणेन. आषाढात फोंड्याच्या बाजारात छत्री उघडेपर्यंत येऊन गेलेली असते, ती.

आणि किरण मी पुल्लिंगी धरतो: विश्वकिरण 'आले', 'आली' नव्हे.